विरजणाची पावती

मालन चौगुल्यांचा खताचा ढीग चोरीचा ठरवायला त्या यंत्राला मोजून चार मिनिटं लागली. चार मिनिटांत धड चहासुद्धा उकळत नाही, पण बावीस वर्षांच्या कामाला चोरी म्हणायला तेवढा वेळ पुरतो.

यंत्राचं सरकारी नाव 'जनुकघ्राण' होतं. दोन हजार अडतीस सालच्या कोल्हापुरात मात्र त्याला सगळे नुसतं 'नाक' म्हणत. आकार हातातल्या टॉर्चएवढा, पुढे काचेची बारीक सोंड. ती सोंड मातीत, खतात, पाण्यात कुठेही खुपसली की नाक तिथल्या जिवाणूंची जनुकं वाचायचं आणि नोंदणीच्या यादीशी ताडून पाहायचं. कुणाच्या नावावर नोंदलेला जिवाणू सापडला की लाल दिवा लागायचा. मग परवाना दाखवा, नाहीतर माल विसरा.

जैवखत परवाना मंडळाचे आवटी साहेब सकाळी दहाच्या सुमाराला आले, मालनच्या अंगणातल्या ढिगात त्यांनी नाक खुपसलं आणि घड्याळ बघत उभे राहिले. एक दिवा लागला, मग दुसरा. मालन फावड्यावर हात टेकून बघत होती. सातवा दिवा लागला तसे आवटी साहेब खाकरले.

"मावशी, हे 'मृदोत्तम' कंपनीचं विरजण आहे. सातच्या सात जिवाणू जुळताहेत. परवाना कुठाय?"

"कुणाचं विरजण?"

"मृदोत्तमचं. चार वर्षांपूर्वी त्यांनी नोंद केलीय."

"साहेब, हा ढीग बावीस वर्सांचा हाय," मालन म्हणाली. "चार वर्सांच्या कंपनीचं बावीस वर्सांच्या ढिगानं चोरलं व्हय? मग माझ्या सासूनं माझ्या नातवाचं नाक चोरलं म्हणायला पायजे."

"तसं नसतं मावशी. यंत्र सांगतंय."

आवटी माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मालनला बरं झालं असतं, चार शिव्या हासडून मोकळी झाली असती. पण तो घाम पुसत, दिलगिरीच्या सुरात नोटीस चिकटवत होता, आणि दिलगिरीच्या सुरात केलेला अन्याय गिळायला फार कठीण जातो. बुधवारी अकरा वाजता मंडळाच्या कचेरीत सुनावणी. माणसं कमी म्हणून तपासणी आणि सुनावणी दोन्ही आवटींच्याच गळ्यात होत्या. पुरावा देता आला नाही तर त्याच दुपारी वाफेची गाडी येणार, ढिगात नळ्या घालून दोन तास वाफ सोडणार आणि ढिगात एकही जीव जिवंत ठेवणार नाही.

"म्हणजे उकडणार," मालन म्हणाली.

"निर्जंतुक करणार," आवटी म्हणाले.

"तेच की."

आता हा ढीग काय होता ते सांगायला हवं. दुधाच्या कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या या गावाला कॉफीचं वेड लागलं, त्या काळातली गोष्ट. राजारामपुरीत नव्याने निघालेल्या एका कॅफेत मालन कप धुवायला होती. रोज बादलीभर कॉफीचा चोथा मोरीत जायचा आणि मोरी तुंबायची. मालक म्हणाला, कुठंतरी नेऊन टाक. मालनने तो घरी आणला आणि मोठ्या हौसेने परसातल्या कढीपत्त्याच्या बुंध्यात ओतला. पंधरा दिवसांत कढीपत्ता पिवळा पडला.

यात नवल काही नाही. कॉफीच्या झाडाने कॅफीन तयार केलं ते माणसाची झोप उडवायला थोडंच. किड्यांनी पान खाऊ नये आणि शेजारी दुसरं बी रुजू नये, म्हणून झाडाने केलेली ती तजवीज असते. कॉफी करून झाली तरी चोथ्यात त्यातलं बरंचसं उरतं, वर तुरट टॅनिनही असतं. म्हणून ताजा चोथा रोपांना मानवत नाही. पालापाचोळा मिसळून तो तीन-चार महिने कुजवावा लागतो.

मालनची सासू तेव्हा होती. सून झाडाकडे बघत हळहळते आहे हे पाहून ती म्हणाली, "त्याला ताक घाल." कढीपत्त्याला ताक घालायचं हे त्या घरात जुनंच होतं. दही घुसळून झालं की भांड्याचं धुवण कढीपत्त्याला. मालनने त्या दिवसापासून ते धुवण झाडाला घातलं आणि शेजारी रचायला घेतलेल्या चोथ्याच्या ढिगावरही घातलं. झाड सावरलं. पहिला ढीग कुजायला चार महिने लागले. त्यातलं घमेलंभर खत तिने दुसऱ्या ढिगात कालवलं, दुधात चमचाभर दही कालवावं तसं, आणि त्याला विरजण म्हणू लागली. दुसऱ्याचं तिसऱ्यात, तिसऱ्याचं चौथ्यात. चार महिन्यांचे तीन झाले, मग दोन, मग एक. आता नऊ दिवसांत काळंभोर, भुसभुशीत, पावसाळी मातीसारखा वास येणारं खत तयार व्हायचं. शहरातल्या चाळीस कॅफेंचा चोथा ती रोज तीनचाकीतून आणत होती आणि निम्म्या गावाच्या गच्चीवरच्या कुंड्या तिच्या खतावर पोसल्या जात होत्या.

नऊ दिवसांत कसं, हे तिला माहीत नव्हतं आणि कळण्याची गरजही पडली नव्हती. ते तिला भाचीने सांगितलं.

भाची म्हणजे शर्वरी मगदूम. मालनच्या बहिणीची मुलगी, आई गेल्यावर आठव्या वर्षापासून मालनकडेच वाढलेली. याच अंगणात, याच ढिगाशेजारी बसून तिने सूक्ष्मजीवशास्त्राचा अभ्यास केला. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी एका रविवारी ती म्हणाली होती, "मावशी, विरजण दे की थोडं. प्रोजेक्टला पायजे."

मालनने फडताळातला स्टीलचा डबा काढला. लग्नात जावेने दिलेला, झाकणावर टाचणीच्या टिंबांनी 'सौ. मालन' असं नाव घातलेला. तो दाबून भरला आणि शरूच्या हातात दिला. विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. दारात वैरी उभा असला तरी चमचाभर द्यायचं, असं सासू सांगायची, आणि सासूचं ते सांगणं त्या गल्लीत कुणी मोडलं नव्हतं.

त्या प्रोजेक्टवर शरूला नोकरी लागली. पुण्याला, मृदोत्तममध्ये.

नोटीस चिकटवून आवटी गेले त्याच दुपारी कंपनीची पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि शर्वरी उतरली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. मालनने तिला पाणी दिलं. बस म्हणाली नाही.

"मावशी, मला आजच कळलं. मी लगेच निघाले," शर्वरी म्हणाली.

मालनच्या कानाला ते 'निघाले' खटकलं. कोल्हापूरच्या बायका 'मी निघालो', 'मी जेवलो', 'मी आलो' म्हणतात. इथे ते कुणाला पुरुषी वाटत नाही, आजी म्हणते तसंच नातही म्हणते. शरू सहा वर्षांपूर्वी पुण्याला गेली तेव्हा कंपनीतल्या मुली तिला हसल्या होत्या. मग तिने जीभ वळवून घेतली. मालनने तेव्हा मनावर घेतलं नव्हतं.

"निघालीस ते बरं केलंस. काय घोळ घातलायस ते सांग. आणि ताकाला येऊन भांडं लपवू नकोस."

शर्वरीने सांगितलं. ढिगात सहा जातींचे जिवाणू मिळून कॅफीन खातात. कॅफीनच्या कणाला तीन शेपट्या असतात. एक जात पहिली शेपटी तोडते, उरलेला तुकडा दुसरीच्या तोंडचा घास, तिचं उष्टं तिसरीला. अशा जाती मातीत एकेकट्या कुठेही सापडतात. पण बावीस वर्षं चोथ्याशिवाय दुसरं काही खायला न मिळालेल्या, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींच्या पंगतीला बसलेल्या, अशा फक्त या अंगणात होत्या. जिवाणूंच्या दिवसाला वीस-बावीस पिढ्या होतात. म्हणजे मालनने घमेल्या-घमेल्याने लाखाच्या वर पिढ्या निवडल्या होत्या.

"प्रयोगशाळेत असं करायला कुणाकडं एवढा वेळच नसतो, मावशी. तू जे केलंस ते..."

"मी केलं न्हवं? मग नोंद कंपनीची कशी?"

शर्वरीने टॅबवर अर्ज उघडला. मालनने तिच्या हातातला टॅब घेतला, चष्मा लावला आणि नोंदणीचा अर्ज एकेक शब्दावर बोट ठेवून वाचला. शास्त्रज्ञांची नावं, डॉ. श्रीरंग निरगुडकर आणि शर्वरी मगदूम. खाली निवेदन, 'मी स्वतः सह्याद्रीतील जंगलात गेले व पानगळीखालील मातीचा नमुना गोळा केला.' त्याखाली शरूची सही.

"जंगलात? तू?" मालनचा आवाज चढला. "तू तर पन्हाळ्याच्या सहलीलापण जळवा लागतील म्हणून गेली न्हाईस! आणि हे 'गेले' कुणी लिवलं? आमच्यात कोण 'गेले' म्हणतं?"

"सरांनी मजकूर दिला. मी फक्त सही केली." शर्वरी खाली बघत म्हणाली. "लोक आधीपासून वापरतात त्या गोष्टीची नोंद होत नाही, मावशी. घरच्या ढिगातलं म्हटलं असतं तर अर्जच बाद झाला असता. म्हणून जंगल. माझी नोकरी कायम व्हायची होती तेव्हा."

"आणि आता?"

"आता सर म्हणतात, तुला परवाना फुकट देऊ. पोत्यावर तुझा फोटो छापू. तू फक्त लिहून द्यायचं, की विरजण कंपनीकडून मिळालं."

हे म्हणजे असं झालं. आपल्या पोटचं पोर शेजाऱ्याने उचलून न्यावं आणि वर म्हणावं, आमच्याकडून दत्तक घेतलं असं लिहून दे, तुला अधूनमधून भेटू देतो. आयत्या बिळावरचा नागोबा निदान बिळाला आपलं नाव देत नाही.

"माझा डबा कुठाय?" तिने विचारलं.

"काय?"

"डबा. स्टीलचा. सहा वर्सं झाली. सामान नेलंस ते नेलंस, भांडं तरी परत करतीस का न्हाई?"

शर्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मालनला तिची दया आली आणि आली म्हणून आणखीनच राग आला. "मी लिहून देणार न्हाई," ती म्हणाली. "जा."

उंबऱ्याशी शर्वरी थांबली. "मावशी, सुनावणीत तू माझं नाव घेतलंस तर माझी नोकरी जाईल. खोटं निवेदन म्हणून पुढं कुठं मिळणारही नाही. आणि नाव घेऊन उपयोगही नाही, सहाही जिवाणू मातीतले आहेत, जंगलात सापडू शकतात. सातवा तेवढा विचित्र आहे. आंबट. चोथ्यातला तुरटपणा तो फोडतो, म्हणून बाकीच्यांना वाट मिळते. असला जंगलात सहसा सापडत नाही, सरांनाही नवल वाटलं होतं. पण नवल म्हणजे पुरावा नव्हे."

एवढं बोलून ती गेली. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी झालेल्या मुलीला आंबट म्हटल्यावर काय आठवायला हवं? पण शिकलेल्या माणसाला कधी कधी घरातलं दिसत नाही. किंवा दिसूनही न दिसल्यासारखं करायला तो पगार घेत असतो.

संध्याकाळी मालनने दही घुसळलं, लोणी काढलं, भांडं विसळलं आणि ते धुवण घेऊन सवयीने ढिगाकडे निघाली. निम्मं धुवण कढीपत्त्याला ओतलं. निम्मं ढिगावर ओतायला भांडं कललं आणि तिचा हात तसाच राहिला.

"आंबट," ती स्वतःशीच म्हणाली.

मग ती पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिला संताप आला. खत नेलं ते नेलं, मेल्यांनी दह्याचीसुद्धा नोंद करून ठेवली होती! सासूने माहेरहून आणलेलं दही. गल्लीतल्या प्रत्येक घरात चमचाभर गेलेलं, लेकीबाळींबरोबर गावोगाव पोचलेलं. तिने तिथेच बसून इचलकरंजीला फोन लावला.

बुधवारी अकराला मंडळाची कचेरी भरली होती. गल्लीतल्या आठ-दहा बायका आल्या होत्या. टेबलामागे आवटी, पुढे नाक ठेवलेलं. उजव्या बाजूला डॉ. निरगुडकर आणि त्यांच्या शेजारी शर्वरी. निरगुडकर उंच, मऊ आवाजाचे, बोलताना बोटांची टोकं जुळवणारे. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, की कंपनीला मालनताईंसारख्या पारंपरिक ज्ञान असणाऱ्या भगिनींबद्दल नितांत आदर आहे. आदर असा पहिल्या वाक्यात आला की दुसऱ्या वाक्यात काय येणार ते सगळ्यांना कळतं.

"परंतु नियम सर्वांना सारखा हवा," ते म्हणाले. "आमचा संच त्यांच्या ढिगात कसा आला हा प्रश्न आम्ही सौजन्य म्हणून विचारत नाही. त्यांचं म्हणणं असेल की तो त्यांच्याकडूनच आमच्याकडे आला, तर तशी काही पोच असेल. एखादा कागद. पावती."

"विरजणाची पावती?" मालन म्हणाली.

मागे बायका खसखसल्या. निरगुडकरही समजूतदारपणे हसले. "म्हणजे नाही."

"न्हाई. डबा होता, तो तुमच्याकडंच राहिला." मालनने शर्वरीकडे बघितलं नाही. वचन कुणी मागितलं नव्हतं, तिने दिलंही नव्हतं, पण पोरीचं नाव आपल्या तोंडून जाऊ द्यायचं नाही असं तिने रात्रभर घोळवून ठरवलं होतं. तिने पिशवीतून झाकण घातलेली चिनी मातीची बरणी काढली आणि टेबलावर ठेवली. "साहेब, ह्यात नाक घाला."

आवटींनी झाकण उचललं. "मावशी, हे दही आहे."

"मग? तुमच्या नाकाला दही वर्ज्य हाय व्हय? दुसऱ्याच्या परसात चालतंय, बरणीत न्हाई चालत?"

आवटींनी निरगुडकरांकडे बघितलं, मग बायकांकडे बघितलं, आणि सोंड दह्यात घातली. कचेरीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. पहिले सहा दिवे विझलेलेच राहिले. चौथ्या मिनिटाला सातवा दिवा लाल झाला.

शर्वरीचा हात नकळत तोंडाशी गेला. निरगुडकरांच्या जुळलेल्या बोटांची टोकं सुटली, पण लगेच पुन्हा जुळली.

"साहजिक आहे," ते म्हणाले. "ज्या हातानं ढीग हलवायचा त्याच हातानं दही लावायचं. आमचा जिवाणू ढिगातून यांच्या स्वयंपाकघरात गेला. खरं तर हा संसर्ग झाला. चिंतेची बाब आहे."

मालन हात धुवत नाही असं भर कचेरीत म्हणून झालं होतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण ती मागे वळली आणि म्हणाली, "जैनुबी, या."

जैनुबी मुल्लाणी उठल्या. वय पंचाहत्तर, काठी, हिरवी साडी, हातात फडक्यात बांधलेला वाडगा. इचलकरंजीहून पहाटेच्या गाडीने आल्या होत्या.

"मी ह्यांच्या शेजारी राहायलो होतो," त्या आवटींना म्हणाल्या. "तीस वर्सं झाली इचलकरंजीला गेलो, धाकट्याकडं. जाताना मालनच्या सासूनं विरजण दिलं, म्हणाल्या, नव्या घरात आधी दही लावा. तवापासनं एक दिस मोडलं न्हाई. सून बाळंतपणाला गेली तवा मी लावलो, मी दवाखान्यात होतो तवा तिनं लावलं. ह्यो ढीग मी अजून डोळ्यानं बघितलो न्हाई. आनि कॉफीनं मला जळजळतंय."

आवटींनी सोंड पुसली. दोनदा पुसली. वाडग्यात घातली. पुन्हा चार मिनिटं गेली. सहा दिवे विझलेले. सातवा लाल.

"तीस वर्सं," मालन म्हणाली. "ढीग बावीस वर्सांचा. कंपनीची नोंद चार वर्सांची. ढिगातनं दह्यात गेला म्हणताय, मग ढीग नव्हता तवा इचलकरंजीला कसा गेला? एसटीनं?"

"दही हा आजच्या सुनावणीचा विषयच नाही," निरगुडकर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कोरडा झाला होता. "माझा आक्षेप नोंदवून घ्या."

आवटी नियमांची पुस्तिका चाळत होते. एका पानावर थांबले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "मावशी, नियम असा आहे, की नोंदणीकृत जीव ज्या कोणत्या पदार्थात आढळेल, तो पदार्थ... म्हणजे परवाना नसेल तर... जप्त करून..." त्यांनी बरणीकडे बघितलं, वाडग्याकडे बघितलं. "...निर्जंतुक करणे."

"लिहा," मालन म्हणाली.

"मावशी..."

"लिहा की साहेब! नाक घेऊन हिंडताय न्हवं, मग लिहा. मालन चौगुल्याचं दही जप्त. जैनुबीचा वाडगा जप्त. ह्या बसल्यात त्या सगळ्या बायकांच्या बरण्या जप्त. लेकी दिल्यात गडहिंग्लजला, निपाणीला, पार तिकडं सोलापूरला, तिथं पाठवा तुमची वाफेची गाडी. बारशाला लावलेलं दही उकडा, परीक्षेला निघालेल्या पोराच्या हातावरचं दही उकडा. कुणाची परवानगी घेतलीती आम्ही? माझ्या सासूनं सत्तर वर्सं फुकट दिलं. एकालाबी न्हाई म्हटलं न्हाई. तुमाला पण दिलंच असतं!" ती निरगुडकरांकडे वळली. "दारात येऊन मागितलं असतंसा तर तुमाला पण दिलं असतं, डबा भरून. मागायचं सोडून नोंद केलीसा. आणि वर आमालाच चोर म्हणतासा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणत्यात त्या ह्याच!"

आवटींनी पुस्तिका मिटली आणि समोरचा अर्ज उघडला. बराच वेळ वाचला. मग मान वर केली, आणि या वेळी त्यांच्या आवाजात दिलगिरी नव्हती.

"यात लिहिलंय, सातही जिवाणू जंगलातल्या मातीत एकत्र सापडले. दह्यातला जिवाणू जंगलात काय करत होता? नमुना शर्वरी मगदूम यांनी घेतलाय. त्या आहेत का?"

शर्वरी उभी राहिली.

"कोणत्या जंगलात गेला होता? तारीख काय होती?"

"तारखा आमच्या दफ्तरी आहेत," निरगुडकर म्हणाले. "शर्वरी, सांगा त्यांना, तपशील नंतर सादर करू."

शर्वरीने टेबलावरच्या बरणीकडे बघितलं. बरणीच्या कडेला दह्याचा ओघळ आला होता. मालन तिच्याकडे बघतच नव्हती, ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. नाव घेणार नाही, मेलो तरी घेणार नाही, असं त्या वळवलेल्या मानेवर लिहिलेलं होतं.

"सर," शर्वरी म्हणाली, "मी..."

तिला पुढचा शब्द सापडेना. सहा वर्षं जो घासूनपुसून वापरला तो तोंडात आला आणि तिथेच अडला. मग आतून दुसराच आला, जुना, आठ वर्षांची असल्यापासूनचा.

"मी जंगलात गेलोच न्हाई, साहेब. रविवारी अंगणात मावशीकडं विरजण मागायला गेलो होतो. तिनं डबा भरून दिला. तो डबा अजून माझ्याकडं हाय. त्याच्यावर तिचं नाव हाय."

मालनने खिडकीवरची नजर काढली नाही, पण तिचे खांदे खाली आले.

त्या दिवशी वाफेची गाडी आली नाही. आवटींनी लिहिलं, जप्ती स्थगित, नोंदणी फेरतपासणीला रवाना. फेरतपासणीला किती वर्षं लागतील ते कुणीच सांगू शकत नव्हतं, आणि तोवर मृदोत्तमची पोती जंगलाच्या चित्रासकट दुकानात विकली जाणारच होती. निरगुडकर पांढऱ्या गाडीत बसून एकटेच निघून गेले. शर्वरीचं ओळखपत्र दुपारी तीन वाजता बंद झालं. तसा संदेश तिला ती स्टँडवर रांगेत उभी असताना आला.

चौथ्या दिवशी सकाळी मालन ढीग हलवत असताना फाटक वाजलं. शर्वरी होती. खांद्याला बॅग, हातात स्टीलचा डबा. मालनने फावडं टेकवलं, पदराला हात पुसले आणि डबा घेतला. झाकणावरच्या टिंबांवरून अंगठा फिरवला. 'सौ. मालन.' एका कडेला पोचा आला होता. तिने झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

"रिकामा आणलास?" ती म्हणाली. राग अजून उतरला नव्हता, आणि एवढ्यात तो उतरणारही नव्हता. "शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, एवढंपण शिकवलो न्हाई व्हय मी तुला?"

शर्वरी फाटकातच उभी होती.

"रिकामं कुठं, मावशी," ती म्हणाली. "मी आलो की."

मालनने डब्याचं झाकण लावलं. मग टेकवलेलं फावडं उचलून तिने पुढे केलं.